वर काही ठेवू नका

शिरूरमध्ये स्वतःच्या लग्नाची तारीख विसरलेले नवरे पायलीचे पन्नास मिळतील, पण आपल्या कॉम्प्युटरचं वजन, उंची, रुंदी आणि स्वभाव झोपेतून उठवून विचारला तरी न अडखळता सांगणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच होता, आणि माझ्या नशिबानं तो माझा घरमालक होता. मी तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचो आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायचो. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. त्यांनी मला पहिल्या दिवशी ‘पाहुणे’ म्हटलं ते कायमचंच. पाण्याची मोटर चालू राहिली तरी खालून शांतपणे ‘पाहुणे, मोटर,’ एवढीच हाक यायची. उभी हयात छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवलेला हा माणूस उतारवयात पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला एक बुटका अमेरिकन कॉम्प्युटर घरी घेऊन आला. पडदा आणि पोट एकाच डब्यात, मागं उचलायला खाच, रंग जुन्या हस्तिदंती बटणासारखा. त्यावर ते लग्नपत्रिका जुळवायचे. नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो, आणि शिरूरला कॉम्प्युटर बघायला माणसं चप्पल बाहेर काढून यायची.

गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग माहिती. मजकूर नंतर. उंची साडेतेरा इंच, वजन साडेसात किलो, पडदा नऊ इंची, मेमरी एक एमबी. गिऱ्हाईक बिचारं उसाला पाणी सोडून आलेलं, ते नुसतं मान हलवायचं. आणि चाचांची खुबी अशी, की मशीनमध्ये जे नव्हतं त्याचाच त्यांना जास्त अभिमान. पडद्याला रंग नाही, म्हणजे डोळ्याला त्रास नाही. हार्ड डिस्क नाही, म्हणजे बिघडायला जागाच नाही. एका फ्लॉपीवरून मशीन जागं करायचं, ती काढून दुसरी घालायची, मग परत पहिली, असं दिवसभर चालायचं; घास भरवताना आईचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा व्हायचा. शेवटची बाब सांगताना मात्र आवाज खाली यायचा.

“आन् पंखा न्हाई. आत तापलेली हवा वरच्या फटीतनं आपसूक बाहेर जाती. म्हणून वर काही ठेवायचं न्हाई.”

हा त्या घरातला पहिला आणि शेवटचा कायदा. चाचींनी एकदा हौसेनं क्रोशाचा रुमाल विणून टीव्हीवर घालतात तसा मशीनवर घातला, तर चाचांनी तो दोन बोटांत धरून उचलला आणि दोन दिवस जेवताना फक्त ‘मीठ’ आणि ‘पुरे’ एवढंच बोलले. एका सोसायटीच्या चेअरमननं बोलता बोलता आपली टोपी वर ठेवली, तेव्हा चाचांनी ती उचलून पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि पत्रिका दुसरीकडं करा म्हणून सांगितलं. थंडीत मांजर ऊब बघून वर चढायचं. त्या मांजराला हाकलताना या शांत माणसाच्या तोंडून जे शब्द निघायचे ते मी कंपनीत ट्रक ड्रायव्हरांकडूनही ऐकलेले नाहीत. मला हसू यायचं. साडेसात किलोच्या डब्यापायी एवढी अस्पृश्यता कशाला, असं मी एकदा बोलून गेलो, तर म्हणाले, पाहुणे, तुमच्या नाकावर उशी ठेवून बघू का जरा?

मग माझं लग्न ठरलं आणि हसणं बंद झालं. मुलगी तळेगाव ढमढेऱ्याची. बघायला गेलो तेव्हा तिनं चहा दिला आणि कप परत घेताना, शिफ्टला डबा कोण देतं, असं विचारलं. मला आजवर कुणीही हे विचारलं नव्हतं. मी त्याच क्षणी तिचा झालो, हे आता सांगायला हरकत नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेले. वरवंडच्या माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आप्पांनी, मला वाढवलं. आप्पा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. सत्कार करून करून आणि करवून घेऊन त्यांच्या कपाटात शालींची चळत लागलेली. पत्रिकेत नावं कशी टाकायची ते विचारायला गेलो, तर म्हणाले, माझं नाव शेवटाला टाका, मी काय घरचाच. असं म्हणणाऱ्या माणसाचं नाव शेवटी टाकायचं असतं, पण टाकायचं असतंच, हे आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

पत्रिका अर्थातच चाचांनी जुळवली. वर गणपती, भोवती नक्षी, खाली दोन्हीकडची भावकी. चाचांनी आधीच बजावलं होतं, की मेमरी एक एमबी आहे, त्यात गणपती बसतो, नक्षी बसते, बेताची माणसं बसतात. भावकी वाढवायची तर मला विचारून वाढवा. कोण विचारतो? रोज कुणीतरी येऊन मामा, मेहुणे, साडू वाढवून जायचं. शेवटी मशीनची मेमरी भरली आणि भावकीतली शेवटची, आप्पांची ओळ बसलीच नाही. मशीननं तशी इंग्रजीत पाटी दाखवली असणार, पण चाचा तेव्हा नक्षीचा कोपरा बघत होते. प्रूफ दोन्हीकडच्या मंडळींनी वाचलं, आणि प्रत्येकानं रिवाजाप्रमाणं फक्त आपलं नाव वाचलं.

छापून आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा वरवंडला गेला तसाच मध्यस्थाच्या हाती परत आला. आप्पांचा निरोप होता, की मी ज्या पत्रिकेत न्हाई त्या मांडवातबी न्हाई. तळेगावला ही बातमी माझ्या आधी पोचली. मुलीचे वडील सरळ माणूस. त्यांनी कळवलं, की थोरला माणूस राजी नसलेल्या घरात मी पोरगी देत नाही, येत्या रविवारपर्यंत काय ते मिटवा, नाहीतर तारीख मोडली समजा. मी वरवंडला जाऊन पाया पडलो. आप्पा वर्तमानपत्र वाचत राहिले. तेही उलटं धरून. कंपनीत माझ्या हातून दोनदा चुकीचा माल पुढं गेला. त्या पोरीला निरोप द्यावा तर कोणत्या तोंडानं, तेही समजत नव्हतं.

शनिवारी चाचा माडीवर आले. ते कधी वर येत नसत. उभ्या उभ्याच म्हणाले, उद्या सकाळी वरवंडला जायचं, मी आन् मशीन. मी म्हटलं, चाचा, नवीन पत्रिका छापून नेऊ, मशीन कशाला? त्यावर त्यांचं म्हणणं असं, की कागद नेला तर आप्पा म्हणतील, बोंब झाल्यावर टाकलं. चूक ज्यानं केली त्यानं स्वतः दारात जायला पाहिजे. मशीननं केली, मशीन जाईल.

एप्रिल संपत आलेला. न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या जीपमध्ये मशीन गोधडीत गुंडाळून चाचांच्या मांडीवर, आणि मी खिडकीकडून ऊन अडवत त्यांना चिकटलेला. एका बाईनं आपलं बोचकं टेकवायला मशीनकडं हात नेला, तसं चाचांनी काही न बोलता ते बोचकं माझ्या डोक्यावर दिलं. रस्ताभर ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. मला वाटलं, दुवा मागताहेत. कान देऊन ऐकलं तर, मशीन चालवायचं हवामान दहा ते चाळीस अंश, दहा ते चाळीस अंश. बाहेर चाळीस केव्हाच मागं पडले होते.

आप्पांच्या ओसरीवर भावकी जमलेली. आप्पा बसा म्हणाले नाहीत. चाचांनी स्टुलावर मशीन ठेवलं, वायर जोडली, फ्लॉपी घातली, काढली, पुन्हा घातली. पडद्यावर गणपती उमटला तशी मागं कुजबूज झाली. मग चाचांनी जी बाब आयुष्यात कुणाला कमीपणानं सांगितली नव्हती ती भर ओसरीवर सांगितली: याची मेमरी कमी हाय आप्पा, एकच एमबी, तुमचं नाव मोठं, याला पेललं न्हाई. पोराची यात चूक न्हाई. आता तुमच्या डोळ्यांदेखत टाकतो, कुठं टाकू सांगा.

आप्पांनी हनुवटीनं पडद्याच्या तळाकडं खूण केली.

“शेवटालाच टाका,” आप्पा म्हणाले. “पर टाका.”

पण जागा कुठं होती? मशीननं पुन्हा तीच इंग्रजी पाटी दाखवली. भावकीतला एकजण म्हणाला, ह्या मेहुण्यांना काढा, तर दुसरा उठून उभाच राहिला. चाचांनी हात वर करून थांबवलं, आणि पत्रिकेच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात त्यांच्या स्वतःच्या नावाची, जुळणी करणाऱ्याची ओळ असायची, ती पुसून टाकली. तिथं आप्पांचं नाव एक एक अक्षर करून बसलं. आप्पा चष्मा लावून वाकले. वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्यांनी नाक शिंकरलं, आणि मला कळलं, की माझं लग्न होणार.

आणि तिथंच घात झाला. आप्पा उठून आत गेले ते शाल-श्रीफळ घेऊन आले. नारळ चाचांच्या हातात दिला आणि शाल उलगडून मशीनच्या अंगावर नीट, चारी बाजूंनी, फक्त पडदा उघडा ठेवून घातली. म्हणाले, चूक कबूल करायला काळीज लागतंय, माणसाला जमत न्हाई ते ह्या डब्याला जमलं. सगळ्या ओसरीनं टाळ्या वाजवल्या. मी शालीकडं हात नेला. चाचांनी माझा गुडघा दाबून धरला.

“बसा पाहुणे,” ते हळूच म्हणाले. “थोरल्यांची शाल हाय. काढायची नसती.”

आप्पांनी नाव बघायला आळी बोलावली. बायका आल्या, पोरं आली, शेजारचे आले. जो येईल तो आप्पांचं नाव वाचून मशीनला नमस्कार करायचा. चाचा नारळ मांडीवर घेऊन बसलेले. रुमालाला, टोपीला, मांजराला जे कधी माफ केलं नाही ते त्यांच्या समोर चाललं होतं, आणि ते येणाऱ्या प्रत्येकाकडं बघून हसत होते. गरम प्लॅस्टिकचा वास मला आला म्हणजे त्यांना केव्हाचा आलेला असणार. गणपती आधी थरथरला, मग आकसला, मग सगळी पत्रिका मिळून एक पांढरी रेघ झाली, रेघेचा ठिपका झाला आणि ठिपका गेला.

आप्पांनी विचारलं, काय झालं हो?

“काही न्हाई आप्पा. काम झालं, निजलं.”

आप्पा इतके खुश, की आता नवीन पत्रिका कशाला, मी स्वतः तोंडी सांगतो म्हणाले, आणि गावभर सांगत फिरले. लग्न ठरल्या तारखेला झालं. चाचा मांडवात पहिल्या रांगेत होते. मशीन पुन्हा जागं झालं नाही. पुण्याच्या माणसानं उघडून बघितलं आणि आतला भाग आता मिळत नाही म्हणाला. चाचा मग दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायला जाऊ लागले. त्या कॉम्प्युटरचा घुर्र आवाज ऐकून म्हणायचे, पंखा लागतोय म्हंजी दम न्हाई. माझ्याकडून त्यांनी एकच वचन घेतलं होतं, की आप्पांना मशीन गेल्याचं कळता कामा नये. आप्पा अगदी शेवटपर्यंत माफी मागणाऱ्या डब्याची गोष्ट कौतुकानं सांगत होते.

नंतर आम्ही शिरूर सोडलं. बऱ्याच वर्षांनी एका डिसेंबरात बायकोला घेऊन भेटायला गेलो. चाचा थकले होते. बायकोनं सहज विचारलं, तर उंची, वजन, पडदा, मेमरी, सगळं तसंच, न अडखळता. कोपऱ्यात मशीन होतं आणि त्याच्यावर, अगदी फटी झाकून, आप्पांची ती शाल घडी घालून ठेवलेली होती. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, चाचा, वर काही ठेवायचं नाही ना?

त्यांनी शालीची एक घडी नीट केली.

“आता गरम होत न्हाई त्याला,” ते म्हणाले. “थंडी वाजत असंल.”