आठ कार्बनांचा साबण

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मिरजेच्या दवाखान्यात अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवत असत. फिकट पिवळा, किंचित चिकट द्रव. प्रत्येक खोक्यात घडी घातलेला एक कागद यायचा आणि मी तो वाचत बसायचो. छापील काही समोर आलं की मला वाचावंच लागतं. मग ते औषधाचं माहितीपत्रक असो, नाहीतर भेळेचा कागद. त्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे प्रथिन गरम केल्यावर विस्कटू नये म्हणून त्यात सोडियम कॅप्रिलेट घातलेलं आहे. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसा मला त्या नावाचा आनंद झाला होता. आज त्याची लाज वाटते.

"काय लिवलंय रं मास्तर?" दादानं पडल्या पडल्या विचारलं.

मी सांगत सुटलो. हा एक साबणच आहे, पण आपल्या अंगाच्या साबणापेक्षा आखूड साखळीचा. त्यात कार्बनचे आठच अणू. एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. कारखान्यात टाक्या धुवायला वापरतात, फवारणीच्या औषधात वापरतात, यंत्राच्या तेलात वापरतात आणि बघ, तोच इथं तुझ्या बाटलीतही आहे. दादानं सगळं ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ दे. ह्यानं मी तोडणीपातूर उठतोय का, ते कुठं लिवलंय?"

मी कागद पुन्हा उलटून पाहिला. खरंच उलटून पाहिला. त्या वेळी त्याचा हात धरायला हवा होता, हे मला दवाखान्याच्या जिन्यात कळलं.

दादा तोडणीपर्यंत उठला नाही. तासगावजवळच्या आमच्या बागेत द्राक्षं मात्र वेळेवर पिकली. त्यानंच छाटलेल्या वेली, त्यानंच विरळणी केलेले घड. त्यांचा बेदाणा करायचा होता. चौदाव्यानंतर भावकीतले एक जण वहिनीकडे येऊन बसले आणि म्हणाले की बेदाण्याची शेड आमच्याकडं द्या, बाईमाणसाला कुठं झेपणार. पुतणी पुण्यात नोकरीला, मी साताऱ्यात. वहिनी म्हणाली, "ह्यो शेवटचा माल त्यांच्या हातचा हाय. त्यांचा निघायचा तसा निघाला, तर शेड ठीवीन. न्हाई निघाला, तर तुमी घ्या."

मी कॉलेजातून महिन्याची रजा काढली. शेड राहावी म्हणून काढली, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला काहीतरी करायचं होतं, ज्यात वाचन उपयोगी पडेल.

ज्यांनी बेदाणा होताना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा पांढुरका थर असतो. तो आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड आधी एका टाकीत बुडवतात. त्या पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं, ज्याला शेडवर नुसती 'पावडर' म्हणतात, आणि डिपिंग ऑईल असतं. हे मिश्रण मेणात शिरतं, थर मोकळा होतो, आणि मग सावलीच्या जाळ्यांवर पंधरा दिवसांत मणी सुकतात. मिश्रण जमलं तर माल हिरवट सोनेरी निघतो, नाहीतर काळा पडतो. दादा टाकीतून एक घड उचलून उन्हाकडे धरायचा. मण्यांवर पाण्याचे थेंब उभे राहिले तर मान हलवायचा, पाणी सपाट पसरलं तर म्हणायचा, "व्हय. आता घाला."

प्रमाण किती, हे मी त्याला कैक वर्षं विचारत होतो. लिहून ठेव, लिहून ठेव म्हणून मागे लागायचो. एकदा तर वही घेऊन आलो होतो.

"लिवून काय करायचंय?" तो म्हणायचा. "मी हाय की."

डब्यावर छापलेल्या प्रमाणानं मी पहिल्या दिवशी पाणी तयार केलं. आमच्या बोअरचं पाणी जड. तेल मिसळेना, फुटून वर येई, टाकीवर तवंग. घड उचलला की थेंबच थेंब. मी तेल वाढवलं, कमी केलं, पुन्हा वाढवलं. दादाबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला मुकादम काठीनं ढवळत होता.

"मास्तर, वरणाला फोडनी घातल्यागत दिसतंय ह्ये."

बायका हसल्या. मला राग आला. त्याच्यावर नाही, दादावर. एवढी साधी गोष्ट एका पानावर मावली असती.

त्या संध्याकाळी मला तो दवाखान्यातला कागद आठवला. लांब साखळीचा साबण जड पाण्यात फाटतो, त्याची साय धरते. आखूड साखळीचा सहसा फाटत नाही. तो पाण्यात चटकन विरघळतो, पृष्ठभाग लगेच ओला करतो. मला हवं होतं ते नेमकं हेच. कुपवाडच्या एमआयडीसीत माझा एक जुना विद्यार्थी आहे, आता त्याचेही केस पांढरे झालेत. त्याच्याकडे खोबरेल तेलातली आठ आणि दहा कार्बनांची आम्लं वेगळी काढून केलेला पोटॅशियमचा साबण मिळाला. पिवळसर, पातळ, वास जवळजवळ नाहीच. तो म्हणाला, "सर, दुधाच्या टाक्या धुवायला देतो आम्ही हा. पिठ्या ढेकणावर फवारायलाही नेतात. पण बेदाण्याला कुणी नेल्याचं ऐकलं नाही." मी म्हणालो, कुणीतरी पहिल्यांदा नेतंच.

दुसऱ्या दिवशी मी तेल बंद केलं. साबण मुळात अल्कधर्मी, आणि मालाच्या रंगासाठी पाणी सौम्य असलेलं बरं, म्हणून पावडरही नावालाच घातली. घड उचलून उन्हाकडे धरला. पाणी आरशासारखं पसरलं होतं. माझा हात तसाच वर राहिला. मुकादमही म्हणाला, "आयला, जमलं की." वहिनी पलीकडे क्रेट लावत होती. तिनं वळून बघितलं आणि पुन्हा कामाला लागली. दिवसभरात सगळा माल जाळ्यांवर चढला. दुपारनंतर टाकीतलं पाणी दुधाळ होत चाललं होतं आणि फेस बसला होता. मी ते पाहिलं आणि धूळ असेल म्हणून सोडून दिलं. दर वर्षी वर्गात मी मुलांना सांगतो की प्रयोगात रंग बदलला तर थांबा.

तिसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी शेड तापली. मुकादम आत गेला आणि तोंडाला पंचा लावून बाहेर आला.

"मास्तर, आत बोकड कुणी बांधलाय?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग वहिनी आत गेली. ती म्हसवडकडची. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या शेरडं-मेंढरं राखलेली. तिनं जाळीवरून चार मणी उचलले, चोळले, नाकाला लावले.

"माजावर आलेला बोकड," ती म्हणाली. "आमच्याकडं वाड्याच्या भाईर बांधत्यात त्याला. काय घातलंत ह्यात, भावजी?"

त्याच क्षणी मला सगळं कळलं. साबणाला वास नसतो. पण त्याला आंबट रस भेटला की साबण मोडतो आणि आतलं आम्ल मोकळं होतं. तोडताना फुटलेल्या मण्यांचा रस दिवसभर टाकीत उतरत होता. पावडर पुरेशी असती तर तिनं तो रस मारला असता. ती तर मीच काढून घेतली होती. पाणी दुधाळ झालं ते मोकळ्या झालेल्या आम्लानं. आणि त्या आम्लाचं नावच मुळी लॅटिनमधल्या शेळीच्या शब्दावरून पडलंय, कॅप्रिलिक, कॅप्रिक, कारण त्याला शेळीचा वास येतो. हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. मुलं हसतात. हसावीत म्हणूनच सांगतो.

भावकीतले ते गृहस्थ त्याच दुपारी सहज म्हणून आले. बांधावरच थांबले, नाक वर केलं आणि परत फिरले. त्यांनी बोलायची गरजच नव्हती.

मी शेडच्या मागे जाऊन बसलो. दादाचा शेवटचा माल. त्यानं वर्षभर सांभाळला, आणि मी एका दिवसात बोकडाच्या दावणीला नेऊन बांधला. वाटलं, वहिनीला सांगावं की मी भरपाई करतो. कशाची भरपाई करणार होतो?

वहिनीच मागे आली.

"आमच्या आईचं हात असंच वास मारायचं. राखंनं घासायची, मग जायाचा." ती जरा थांबली. "मालाला पावडरीचं पानी मारून बघू या का? ह्यांचं?"

राख. राखेत पोटॅशियम कार्बोनेटच असतं. आम्लाला ते भेटलं की पुन्हा साबण होणार, वास दबणार, फवाऱ्याबरोबर निथळून जाणार. मला हे तिच्या आधी सुचायला हवं होतं. मी म्हणालो, "पण दादाचं प्रमाण कुणाला माहीत आहे?"

"मला," ती म्हणाली.



"पावडर मीच घालत हुते की. त्यांनी निस्ता घड धरून बगायचा. इतकी वर्सं."

"मग परवा बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी डब्यावरचं वाचत हुता."

तिनं घरातून तुपाचा एक जुना, कडेला चेपलेला डबा आणला. टाकीला पावडर चार डबे, काठाच्या वर रास राहील अशी शीग लावून. ढवळलं. मी तेलाचा कॅन उचलला तर म्हणाली, "ठेवा. आदी च्या."

हा चहा मी कितीतरी सुट्ट्यांत पाहिला होता. पावडर घातली की दादा सगळ्यांना चहाला बसवायचा आणि मी मनात म्हणायचो, अर्धं काम झालं नाही तोवर बसले. आता मी कप हातात घेऊन टाकीजवळ उभा राहिलो. पाणी हळूहळू गढुळलं आणि मग तळाशी पांढरा थर बसू लागला. पाण्यातला चुना पावडरीनं खाली ओढला जात होता. जड पाणी हलकं होत होतं. ते झाल्यावरच तेल घालायचं, म्हणजे ते फुटत नाही. एवढंच होतं. मी दोन दिवस ज्याच्याशी झगडलो ते या लोकांनी एका कपात मिटवलेलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत चालत होतं.

"आता बगा, कसं लोन्यागत मिसळतंय," मुकादम म्हणाला. "मला वाटायचं मालक च्याचं लय शौकीन."

तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, आम्ही जाळ्यांवर ते पाणी फवारलं. वहिनी रोज वरच्या थरापासून खालपर्यंत मणी हुंगत जायची. मी मागून चालायचो, नुसता. वरच्या थरांना वारा लागतो. तिथला वास उतरला. खालच्या दोन थरांचा उतरला नाही. वरून निथळलेलं सगळं त्यांच्यावर आलं होतं. तो माल बाजूला काढावा लागला. वरचा निघाला तो बरा निघाला. पण दादाचा निघायचा तसा नाही. रंग एक छटा काळसर, आणि मूठ नाकाजवळ नेली तर मला अजूनही काहीतरी येतं. इतरांना येत नाही म्हणतात.

भावकीतले गृहस्थ माल पाहायला आले. त्यांनी मूठ भरली, खाली सोडली. "वैनी, तुमीच म्हनला हुता, त्यांच्यासारका निघाला तर."

"म्हनले हुते," वहिनी म्हणाली. "बिगाडला कुनी आन्‌ सावरला कुनी, ते बी बगितलं मी. शेड कुनाला द्यायाची न्हाई."

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "भावजी, फुडच्या वर्सी सुट्टीत या. पर टाकीला हात लावायचा न्हाई. क्रेट उचला."

मला हसू यायला हवं होतं. शेड राहिली होती, त्यासाठीच तर मी आलो होतो. ती राहिली माझ्या चुकीमुळे, हे मात्र मला आजही नीट गिळता येत नाही. दादा असता तर गावभर सांगत सुटला असता.

निघायच्या दिवशी मी पिशवीतून वही काढली. तिच्यात खूण म्हणून तोच दवाखान्यातला कागद होता, तो बाजूला ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, प्रमाण सांगा. लिहून घेतो."

ती डबा विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "लिवून काय करायचंय? मी हाय की."

दादा गेल्यापासून मी कुणावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "तोही हेच म्हणायचा!" मी ओरडलो. "शब्द न्‌ शब्द हेच!"

अंगणात मुकादम होता, तो खाली बघायला लागला. वहिनीच्या हातातून पाणी गळत राहिलं. मग तिनं पदरानं डबा पुसला, आतून, बाहेरून, आणि माझ्यासमोर धरला.

"घ्या. किती मावतंय ते मोजा. आन्‌ शीग लिवा. शीग इसरू नका."