दापोड्याच्या उकिरड्यातलं प्रोटीन

मी भिवंडी सोडली ती कापडाच्या ताग्यांवर बसून. मामाचा टेम्पो दापोड्याहून माल भरून मुंबईला निघालाच होता. वाट वाकडी करून त्यानं आम्हाला टेमघरातून, आमच्या घरापासून उचललं. पुढं मामाशेजारी आई, मागं माझी बॅग, बाबा आणि मी. बाबा लूमवरची शिफ्ट संपवून तसेच आले होते, भुवयांवर कापूस घेऊन. वाटेत ते खोकत होते, आणि खोकला थांबला की बॅगेचा पट्टा ओढून बघत होते.

विमानतळाच्या दारापाशी शिपायानं त्यांना अडवलं. आई म्हणाली, "पोचलीस की पयलं जेव. बाकीचं मंग." बाबांनी फक्त एवढंच सांगितलं, "आजारी पडू नको गो तिकडं. आमाला यायला जमायचं न्हाय."

तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून गेलात, तुम्हा दोघांनाही हे सांगायला हवं की त्या दिवशी मी रडले नाही. आमच्या आळीतून एमएस्सी झालेली मी पहिली मुलगी, जर्मनीची शिष्यवृत्ती मिळालेलीही पहिलीच. माझी छाती अभिमानानं नुसती फुलली होती.

तो अभिमान उतरला तिथल्या शांततेत. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. विद्यापीठाचं ते गाव रात्री इतकं गप्प व्हायचं की मी दचकून जागी व्हायचे. भिवंडीत लूमची खटखट थांबली म्हणजे वीज गेली, एवढंच मला ठाऊक. अंथरुणात मी वीज परत यायची वाट बघत पडून राहायचे. लॅबमधली मंडळी संध्याकाळी एकमेकांना "फायराबेंट!" म्हणत कोट चढवायची. मी मनात म्हणायचे, शिफ्ट सुटली.

मला दिलेलं काम असं होतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना इलास्टेज नावाचं एक एन्झाइम सोडतात. ते जंतू कापतं, पण जास्त झालं तर फुप्फुसातले लवचीक धागेही कापायला लागतं. माणसाला मग श्वास पुरत नाही. या एन्झाइमला अडवणारी प्रोटीनं किड्यांच्या रक्तात सापडतात. तसलं एखादं जोरकस प्रोटीन भुंग्यांमधून शोधायचं, कदाचित उद्या त्याचं औषध होईल. हे समजावून सांगताना प्रोफेसरबाईंनी फळ्यावर फुप्फुसाचं चित्र काढलं. मला बाबांचा खोकला ऐकू आला. दुसरा विषय बघायची मला गरजच पडली नाही.

पण तिथले भुंगे काही देईनात. शेतातून आणलेल्या त्यांच्या अळ्या बारीक, रक्ताचे दोन-चार थेंब, त्यातलं प्रोटीन अगदीच नरम. दुसरा हिवाळा संपला तरी माझ्या हाती काही नव्हतं. प्रोफेसरबाईंनी खोलीत बोलावून सरळ सांगितलं, "उन्हाळा संपेपर्यंत काही हाती आलं नाही तर विषय बंद करावा लागेल. तुमची शिष्यवृत्तीही तिथंच संपते."

विषय बंद म्हणजे पदवीवाचून परत. त्या संध्याकाळी मी खोलीवर न जाता नदीकाठानं चालत राहिले, आणि चालता चालता मला दापोडं आठवलं. मामाच्या घरामागच्या उकिरड्यात शेण उपसलं की अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या अळ्या निघायच्या. मोठेपणी त्यांचे शिंगवाले काळे भुंगे होतात आणि माडाचे कोंब कुरतडतात. लहानपणी त्या बघून मी किंचाळायचे. आता मात्र एक प्रश्न पडला. शेणाच्या त्या गर्दीत, लाखो जंतूंच्या एन्झाइमांमध्ये ती अळी वाढते, लोण्यासारखी मऊ असून कुजत कशी नाही? तिच्या रक्तात त्यांना अडवणारं काहीतरी जोरकस असणारच.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कॅलेंडरवर उरलेले आठवडे मोजले. मग म्हणाल्या, "जा. घेऊन या."

दीड महिन्याची रजा काढून मी घरी आले. दुसऱ्याच दिवशी दापोड्यात मामाच्या उकिरड्यात उतरले, फावडं घेऊन, गुडघ्यापर्यंत शेणात. मामी बांधावर उभी राहून हसत होती. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "येवढं शिकून उकिरडाच उकरायचा व्हता, तं जर्मनीला कशाला गेलीस गो?"

"उकिरडा कुठला चांगला ते शिकायला," मी म्हणाले.

मग तीही पदर खोचून उतरली.

अळीच्या रक्ताला हवा लागली की ते काळं पडतं आणि वाया जातं. पहिल्या दिवशीचं सगळं असंच शाई झालं. मग मामानं मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या. मी अळी बर्फावर धरायचे, सुई टोचायचे, फिकट पिवळा थेंब नळीत घ्यायचे. रक्त काळं पडू न देणारं औषध नळीत आधीच घातलेलं असायचं. बाबा ड्युटी नसली की सावलीत बसून नळ्या धरायचे. त्यांचा हात थरथरत नसे. त्यांनी विचारलं, "हे कशासाठी गो?"

"तुमच्यासारख्यांच्या छातीसाठी."

पुढची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

मुंबईच्या माझ्या जुन्या कॉलेजात ते रक्त गोठवून सुकवलं, परवानगीचे कागद केले आणि ती पिवळसर भुकटी घेऊन मी परत गेले.

पुढचे महिने गाळण्यात आणि वेगळं करण्यात गेले. शेवटची चाचणी सोपी असते. एन्झाइम काम करत असेल तर नळीतलं पाणी पिवळं होतं. कुणी त्याला अडवलं, तर होत नाही. एका सकाळी मी नेहमीसारख्या नळ्या लावल्या. शेजारची साधी, प्रोटीन न घातलेली नळी हळदीसारखी पिवळी झाली. माझी नळी पाण्यासारखी राहिली. प्रोटीन अर्धं केलं, आणखी निम्मं केलं, तरी पाण्यासारखीच. मी चाचणी पुन्हा लावली, मग प्रोफेसरबाईंना बोलावलं. त्यांनी स्वतःच्या हातानं लावली. नळी स्वच्छ होती. बाईंनी चष्मा काढला आणि मला कडकडून मिठी मारली. मी मराठीत ओरडले, "आडवला! आडवला त्याला!" सगळी लॅब टाळ्या वाजवायला लागली, अर्थ न कळता.

शोधनिबंध छापायची वेळ आली तेव्हा प्रोटीनला नाव हवं होतं. शोधणाऱ्याचा तो मान असतो. मी लिहिलं, दापोडिन. बाईंनी दोनदा उच्चारून पाहिलं आणि मान डोलावली. पदवी मिळाली, पुढं तिथंच नोकरी मिळाली, स्वतःची लॅब झाली. मी जर्मनीची झाले, कागदोपत्रीही.

नव्वदच्या दशकात पुढं एका मोठ्या परिषदेत मी मागच्या रांगेत बसले होते. माझ्या अजिबात ओळखीचे नसलेले एक वयस्कर जपानी शास्त्रज्ञ बोलायला उभे राहिले. पडद्यावर अक्षरं उमटली: दापोडिन. त्यांनी ते उंदरांना दिलं होतं, आणि त्या उंदरांची फुप्फुसं बरीचशी वाचली होती. भाषणभर ते नाव त्यांच्या तोंडी येत होतं, जणू हवेइतकं ओळखीचं. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. ते खुशीत म्हणाले, "शब्द सुंदर आहे. ग्रीक का?"

"नाही," मी म्हणाले, "ठाणे जिल्हा."

परिषदेहून परतले त्याच दिवशी मी घरी फोन लावला. तोवर बाबांनी लूम सोडला होता, खोकल्यानं मात्र त्यांना सोडलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे माजं औषद झालं?"

"अजून नाही, बाबा. उंदरांचं झालंय."

ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. मागून आईचा आवाज आला, "काय म्हनते?" दम लागलेल्या आवाजात त्यांनी तिला सांगितलं, "पोरगी जितली." आणि मग मला, "पन मामाच्याच गावाचं नाव दिसलं व्हय तुला? टेमघरचं कदी?"

आज मला घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी पत्ता सांगत नाही. तिकडच्या सभागृहांत माझ्यासाठी लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, आणि ते मला मनापासून आवडतं. पण त्या टाळ्या थांबल्यावर "आमचं कदी?" असं हक्कानं विचारणारं कुणी असतं, ते माझं घर.

"पुढच्या किड्याला," त्या दिवशी फोनवर मी बाबांना म्हणाले, आणि लॅबकडे निघाले.