दस्तगीरमामांचं बुधवारचं पातेलं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर दस्तगीरमामांचे. गेल्या महिन्यात त्यांच्या भाच्याचं कार्ड आलं, ‘मामू गेले.’ शाळेच्या व्हरांड्यात उभ्यानंच वाचलं आणि पुढच्या तासाला वर्गात गेलो... काय शिकवलं ते आठवत नाही.

पासष्टच्या सुमारास गडहिंग्लजजवळच्या खेड्यातून मी कॉलेजसाठी कोल्हापुरात आलो. आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकही नव्हतं. माझ्या भाड्याच्या खोलीला लागून मामांची खोली. ते पुस्तकं बांधायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दर बुधवारी संध्याकाळी काम आटोपलं की ते लहानशी कोंबडी आणायचे, स्वतः कापायचे आणि स्टोव्हवर एकच पातेलं चढवायचे. तेलात कांदा, आलं-लसूण, चटणी. त्यात कोंबडी परतायची, मग बटाटा, वांगं, घेवडा, घरात असेल ते. झाकणावर पाणी ओतलं की मामा मोकळे. आमच्याकडे कोंबडी म्हणजे जत्रा नाहीतर पावणं, आणि पाट्यावर खोबरं-तीळ वाटल्याशिवाय नाहीच. मी म्हणालो, “मामा, कोंबडीत घेवडा? गावात हसतील की.”

“हसू देत की. दोन माणसांसाठी पाटा कोण धुतोय? गप खा.”

दोन माणसं म्हणाले... त्या शहरात तोवर मला कुणी मोजलं नव्हतं.

पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झालो. वळकटी बांधून शेवटची एसटी गाठायला निघालो, तर मामा दारात. “जायाचं तर जा. पर आज बुधवार हाय. तेवढा घेवडा निवड, जेव, मग जा.” निवडून, जेवून होईपर्यंत गाडी गेली होती. ते त्यांना ठाऊक होतं.

बी.ए. झालो तेव्हा वडिलांनी घरची मोठी कोंबडी कापून, साफ करून डब्यात दिली. “मामांस्नी दे.” पहिल्या गाडीनं आलो. मामांनी डबा उघडला, क्षणभर बघितलं आणि पातेलं चढवलं. भाज्याही सगळ्या त्यातच. मला वाढलं, स्वतः मात्र भाकरी आणि चटणी घेऊन बसले.

“हे काय, मामा?”

“पोट बिघडलंय रं. तू खा, बी.ए. सायेब.”

मी दोनदा वाढून घेतलं.

पुढं नोकरीसाठी लांब आलो. जाणं कमी होत गेलं, मग थांबलंच. यंदा एका जेवणात शाळेतल्या मुसलमान सहकाऱ्यानं ताटावर बसण्याआधी हळूच विचारलं, “कोंबडी कापली कुणी?” मला बी.ए.चा डबा आठवला. आमच्या गावात जत्रेचं बकरं कापायला मुलाण्यालाच बोलावतात, म्हणजे ते हलाल होतं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. तरी वडिलांनी कापलेली कोंबडी मी कौतुकानं मामांपुढं ठेवली होती. ती हलाल नव्हती, त्यांना चालणार नव्हती, आणि एकाच पातेल्यात शिजल्यावर भाजीही नाही. माझा आनंद मोडू नये म्हणून ते चटणी-भाकरी खात बसले.

त्याच संध्याकाळी पत्र टाकलं. भाच्याच्या कार्डात त्याचा उल्लेख नाही. ते मामांच्या हाती पडलं का, हे विचारायचा धीर अजून होत नाही... पत्र एवढंच होतं :

‘मामा, सलाम. बी.ए.च्या डब्याचं मला आज कळलं. तुम्ही रागवायला हवं होतं. सुट्टी लागली की येतो, बुधवारीच येतो. कोंबडी जिवंत आणतो, तुम्ही कापा. घेवडा मी निवडतो. आणि ह्या वेळी आधी तुम्ही वाढून घ्या.’