एम.कॉम. आणि पोळ्याच्या दिवशीची मोजणी

एम.कॉम. करावं का, हा प्रश्न माझा आहे असं निदान मला तरी वाटत होतं. पण युसूफ वडगावच्या अलीकडं असलेल्या आमच्या गावानं तो कधीच आपला करून टाकला होता. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिले की मागची बाई विचारणार, "एम.कॉम. म्हंजी काय गं, बँकेत लागती का त्यानं?" नाही म्हटलं की लगेच, "मग कावून करायलीस?" या 'मग कावून'नं माझं डोकं आणखीच फिरायचं. गिरणीवाल्यानं तर एकदा पीठ मोजता मोजता सांगून टाकलं की त्याच्या मेव्हण्याच्या पोरानं एम.कॉम. केलं आणि आता तो केजात मोबाईलची कव्हरं विकतो. मी विचारलं नव्हतं.

बी.कॉम. झाल्यावर मी गावच्या दूध संस्थेत मानधनावर कारकून म्हणून लागले होते. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला आणि संस्थेनं डेअरीच्या मागच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. श्रावण आला तरी माळावर गवताची काडी नव्हती, म्हणून छावणी चालूच राहिली. रोज चार वाजता वही घेऊन दावणीदावणीनं फिरायचं, जनावरं मोजायची आणि तो आकडा लिहायचा, हे माझं काम. त्या आकड्यावरून दुसऱ्या दिवशीचा चारा यायचा.

संस्थेचे सचिव काका दिवाळीला निवृत्त होणार होते. मॅट्रिक नापास माणूस, पण तीस वर्षं संस्था त्यांनीच चालवलेली. त्यांच्यामागं कोण, यावर चेअरमन चारचौघांत म्हणाले होते, "ही पोरगी हाय ना, हिलाच बसवू." बसवू म्हणजे खरोखरच बसवू. काकांची ती हातांची लाकडी खुर्ची ऑफिसात एकच होती, बाकी सगळी स्टुलं. घरापासून पाच मिनिटांवर कायमची नोकरी. उलट एम.कॉम.ला जायचं तर औरंगाबादला दोन वर्षं राहायचं, आणि तेवढ्यात खुर्ची चेअरमनच्या भाच्याला जाणार हे आमच्या शेळीलाही माहीत होतं. प्रवेशाची शेवटची तारीख पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी होती.

घरी अप्पांचं एकच वाक्य. "शिकावं माणसानं." बहात्तरच्या दुष्काळात त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. खडी फोडली, बरंच काय काय केलं, आणि शेवटी आमच्याच दूध संस्थेत वॉचमन झाले. मी म्हणायचे, अहो पण त्याचा उपयोग काय, मिळणार काय, जरा हिशोबानं बोला. ते भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडं बघायचे आणि पुन्हा तेच. "शिकावं माणसानं." आता भांडायचं कुणाशी? फोटोशी? माय चुलीपुढून म्हणायची, "तुमी दोघं बी गप बसा, भाकरी करपायलीय." त्या घरात माझ्या आयुष्यावर एवढीच चर्चा झाली.

आणि मग पोळा आला. आमच्यात पूजा नसते, पण बैलाला धुवायला, शिंगं रंगवायला, पोळी चारायला कुणाची हरकत? अप्पांनी सकाळीच आमचा एकुलता एक बैल छावणीतून घरी आणला. टँकरच्या पाण्यातली एक बादली त्याच्यासाठी राखून ठेवली होती, तिच्यात फडकं बुडवून त्याला पुसून काढलं. मीच त्याच्या शिंगांना हिंगूळ लावला, मीच पुरणाची पोळी चारली. मग चार वाजता वही काखेत मारून छावणीत गेले, आणि बैलच नाहीत. गायी होत्या, म्हशी होत्या, वासरं होती, बैलांच्या दावणी मोकळ्या. मी काय केलं असेल? जे दिसलं ते लिहिलं. आमच्या नावापुढंसुद्धा 'बैल – गैरहजर' असं स्वच्छ अक्षरात मांडलं. बी.कॉम.ला फर्स्ट क्लास होता माझा. कॉलेजात पहिल्या वर्षापासून तेच शिकवलं होतं, प्रत्यक्ष मोजणीत आढळेल तेवढंच मांडायचं.

दुसऱ्या दिवशी चाऱ्याचा ट्रक आला तो निम्मा. बैल तर रात्रीच परत येऊन दावणीला उभे होते. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा आणि पुढ्यात काही नाही. माणसं ऑफिसच्या दारात जमली. एका म्हाताऱ्यानं फारच शांतपणे विचारलं, "पोरी, पोळ्याला बैल कुठं असतो गं?" मी नियम सांगायला लागले. तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. तुझा बैल कुठं व्हता ते सांग." मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. चेअरमन म्हणाले, "शिकल्याली पोरगी बसवली म्हणून बरं. आणखी शिकंल तर छावणीच बंद करंल." लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, कारण माझं चुकलं कुठं हेच मला कळत नव्हतं.

काकांनी वही घेतली. चष्मा पुसला. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना होता, तो मी छावणी उघडल्यापासून कोराच सोडत आले होते. कॉलेजातल्या गणितांत तो रकाना कोराच असायचा. काकांनी त्यात लिहिलं, 'पोळ्यानिमित्त बैल मालकाचे घरी. रात्री परत. दावणीस हजर.' खाली सही केली. दुपारी तपासणीला आलेल्या तहसीलच्या साहेबांनी ते वाचलं, दावणींवरून एक चक्कर मारली, मान हलवली, आणि संध्याकाळी उरलेला ट्रक आला. काका मला एवढंच म्हणाले, "बैल न्हाई हे लिव्हलंस. कावून न्हाई हे बी लिव्हावं लागतंय की."

झालं, माझा निर्णय पक्का झाला. ज्या माणसाला मॅट्रिक पास होता आलं नाही त्याला हे कळतं आणि मला कळत नाही, मग आणखी दोन वर्षं पुस्तकं घोकून काय दिवे लावणार होते मी? दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसात जाऊन सांगितलं, "काका, मी नाही जात. इथंच राहते. तुमच्याकडून शिकते."

मला वाटलं त्यांना बरं वाटेल. ते भडकले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्याकडून काय शिकतीस? शेरा? त्यो काल शिकलीस, पाच मिन्टं लागली. तीस साल झाले मी ह्या खुर्चीत हाय. पर ऑडिटवाला आला की कोण बसतंय हितं?"

अप्पांचा डबा घेऊन यायचे तेव्हापासून मी ते पाहत आले होते. वर्षातून एकदा जिल्ह्याहून लेखापरीक्षक यायचा, येताच काका उठायचे, तो त्यांच्या खुर्चीत बसायचा आणि काका दिवसभर फायली धरून शेजारी उभे. मला ती रीतभात वाटायची.

"त्यो विच्यारतो, मी व्हय साहेब म्हणतो," काका म्हणाले. "त्यो काय विच्यारायलाय ते निम्मं मला कळत न्हाई. खोटं काई केलं न्हाई कधी, तरी बी चोरावाणी उभं ऱ्हातो. तुला दिली ही खुर्ची तर तू बी उठशील. ज्या दिवशी उठायची न्हाईस त्या दिवशी ये."

मी वळले तर दारात अप्पा उभे होते, वॉचमनची काठी घेऊन. इतकी वर्षं ऑडिटच्या दिवशीही ते त्याच दारात उभे असायचे. त्यांचं ते एक वाक्यसुद्धा ते म्हणाले नाहीत. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. दुपारच्या एसटीनं मी फॉर्म भरायला गेले.

आता एम.कॉम.चं सांगते. दोन वर्षं मी परदेशी कंपन्यांचे एकत्रित ताळेबंद जुळवत बसले. त्या अख्ख्या अभ्यासात गायीचं दूध आलं नाही, म्हशीचंही नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, शिरूर कासारहून आलेली माझी खोलीतली मैत्रीण, जिचे आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे, सहज म्हणाली, "सहकारी संस्थांचं ऑडिट करायचं तर सहकार खात्याची वेगळी परीक्षा असती. बी.कॉम.वर बी देता येती." बी.कॉम.वर! मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, जसा काही तो नियम तिनंच केला होता. मग दोघींनी मिळून ती परीक्षा दिली. तोवर आमच्या गावची खुर्ची भाच्याकडं गेली होती, ती आजतागायत त्याच्याकडंच आहे.

माझं पहिलं ऑडिट नांदूरघाटच्या बाजूच्या एका छोट्या दूध संस्थेचं होतं. आत पाय ठेवला आणि सचिव उठले. पांढरे केस, हातात फायली. खुर्ची पुढं सरकवून म्हणाले, "बसा मॅडम."

"तुम्ही बसा मामा."

"न्हाई न्हाई, तुमी बसा."

मी कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसले. ते तरी उभेच. मी पुन्हा म्हटलं, ते पुन्हा नाही म्हणाले. असं चार-पाच वेळा झालं. उन्हाचं एसटीनं हिंदकळत आलेली मी, माझा आवाज चढलाच. "मामा, बसता का आता? का शेऱ्यात लिहू, सचिव स्वतःच्या खुर्चीत बसायला तयार नाहीत म्हणून?"

ते घाबरून बसले, खुर्चीच्या अगदी कडेला. मी पहिला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "व्हय मॅडम."

मी वही मिटली, आणि तोच प्रश्न त्यांना कळेल असा पुन्हा विचारला.