कडुलिंबाखालचा कट्टा

लेकीच्या अॅडमिशनसाठी जालन्याला माझ्या जुन्या कॉलेजात गेले, तर कडुलिंबाभोवतीच्या कट्ट्याला चुना देणं चाललं होतं. त्या ओल्या वासानं मला थेट बी.ए.च्या पहिल्या वर्षात नेऊन सोडलं.

हा कट्टा आमच्याच श्रमदानातून झाला. विटा आम्ही मुलींनी वाहिल्या होत्या, पण तो बांधून झाल्यावर त्यावर बसायची फक्त मुलं. आम्ही खाली मान घालून पुढं जायचो. एका दुपारी माझी मैत्रीण सुनंदा सरळ जाऊन तिथं बसली आणि तिनं डबा उघडला. मुलं जरा सरकून बसली.

"ये की गं, लई जागा हाय," तिनं मला हाक मारली.

"न्हाई, माझा तास हाय."

तास बिलकुल नव्हता. ती पाय हलवत निवांत भाकरी खात होती आणि मी व्हरांड्यातल्या खांबाआड उभी राहून जळत होते. कुणीतरी तिला उठवावं, असंही मनात येत होतं. कुणीच उठवलं नाही.

"आई, तू कुठं बसायचीस?" लेकीनं विचारलं.

"इथं," म्हणत मी सुनंदाची जागा दाखवली.