टाळूतला सुळा

"घाबरू नका" हे दोन शब्द आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. सोलापुरात तेव्हा दात काढणारे पुष्कळ होते. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला चादर अंथरून, पुढ्यात उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसणारे होते, आणि ते सगळे पहिल्यांदा हेच म्हणायचे, "घाबरू नका, काही होत नाही." डॉक्टर मात्र खुर्चीत बसवायचे, तोंडात आरसा घालून बराच वेळ बघायचे आणि मग म्हणायचे, "होईल असं वाटतं. पण मला खात्री नाही." म्हणून आमच्या पेठेत त्यांचं नावच पडलं, खात्री-नाही डॉक्टर. पाटीवरचं खरं नाव कोणी वाचत नसे. मीही त्यांना नावाने कधी हाक मारली नाही, तेव्हा इथेही नुसतं डॉक्टरच म्हणतो.

तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी चोवीस वर्षांचा होतो. आम्ही साखर पेठेतले विणकर, घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी. वर्षभर मी मागावर बसायचो आणि लग्नसराईत एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. खरं सांगायचं तर माग पोटासाठी होता, जीव सगळा क्लॅरिनेटमध्ये. माझा वरचा डावीकडचा दुधाचा सुळा त्या वयापर्यंत पडलाच नव्हता. एक दिवस भाकरी खाताना तो हातात आला. मी हसलो, अम्माही हसली. म्हणाली, आता मोठा झालास. महिनाभरात मात्र समोरचा चांगला मोठा दात हलायला लागला. क्लॅरिनेट वाजवताना हेच समोरचे दात वाद्यावर टेकवावे लागतात. फुंक मारली की दात ठणके आणि सूर घसरे. आमच्या बँडचे उस्ताद मोठे कमी बोलणारे गृहस्थ. एका वरातीत माझा सूर दोनदा घसरला तेव्हा जवळ येऊन एवढंच म्हणाले, "दांत गया तो फूंक गई, मियाँ." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बाजारातल्या दातवाल्याने दात हलवून बघितला आणि चिमटा उचलला. मी तसाच उठलो आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला पुण्याला पाठवून दाताचा क्ष-किरणांचा फोटो काढून आणायला लावला. फोटो खिडकीच्या उजेडात धरून ते किती तरी वेळ उभे होते. मग मला जवळ बोलावलं. माझा खरा सुळा खाली उतरलाच नव्हता. वर टाळूच्या हाडात तो आडवा झोपला होता, आणि त्याचं टोक समोरच्या दाताच्या मुळाला टेकलं होतं. "हा तिथेच राहिला तर पुढच्या दाताचं मूळ खाऊन टाकेल," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही काढून टाकणं सोपं आहे. दुसरा उपाय म्हणजे टाळू उघडून सुळ्याला धागा बांधायचा आणि त्याला हळूहळू त्याच्या जागेवर ओढून आणायचं. हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांत करतात. तुमच्या वयाच्या माणसात मी केलेलं नाही. जमेल असं वाटतं, पण मला खात्री नाही." मी विचारलं, तुम्हाला भीती वाटते का? ते म्हणाले, "वाटते की. तुम्हाला?" मी म्हटलं, लई वाटते. "मग ठीक आहे," ते म्हणाले आणि टाक घेऊन वहीत काहीतरी लिहू लागले.

कुठलंही हत्यार तोंडात घालण्याआधी ते मला दाखवायचे. सुई दाखवायचे, चाकू दाखवायचे, त्याचं टोक स्वतःच्या करंगळीला टेकवून बघायचे. दुसऱ्या कुणाला ते बघवलं नसतं, पण मला त्याने बरं वाटे. टाळू उघडली त्या दिवशी त्यांनी सुळ्याच्या टोकावर सोन्याची टोपी बसवली. टोपी कसली, तांदळाच्या दाण्याएवढी. तिला बारीक कडी होती. ती टोपी करवून घेण्यासाठी डॉक्टर तीन दिवस एका सोनाराच्या शेजारी मांडी घालून बसले होते. बाकीच्या दातांवरून एक तार फिरवली, आणि कडीतून त्या तारेला रेशमाचा धागा बांधला. दर गुरुवारी जायचं, जुना धागा काढायचा, नवा किंचित ओढून बांधायचा. आणि या सगळ्या काळात क्लॅरिनेटला ओठ लावायचे नाहीत. किती दिवस, असं मी विचारलं. उत्तर काय आलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

डॉक्टरांची आणखी एक गंमत होती. ते बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघतच नसत, तोंडाकडे बघत. एकदा सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी समोरासमोर आलो. मी हात जोडले. ते कोऱ्या चेहऱ्याने पुढे निघाले. मी मागून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी." ते वळले, तरी ओळख पटेना. मग मी दात विचकले. "अहो, मास्तर तुम्ही," म्हणाले, क्लॅरिनेटवाला म्हणून मला ते मास्तरच म्हणत, आणि तिथेच भर रस्त्यात माझा जबडा धरून सुळा कुठवर आला ते बघायला लागले. माणसं थांबून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांना पत्ता नव्हता. "अर्धा गहू उतरलाय," ते म्हणाले. त्यांचं माप हे असं, तांदूळ आणि गहू.

चार महिने झाले. माझी सगळी लग्नसराई घरी बसून गेली. उस्तादांनी माझ्या जागी बार्शीचा एक जण घेतला. आमच्या दारावरून वरात गेली की मी मागाचा खटखटाट वाढवायचो, म्हणजे त्याचा सूर कानावर पडू नये. तो चांगला वाजवत होता, हेच मोठं दुखणं होतं. रात्री जिभेने टाळू चाचपायचो आणि सकाळी पुन्हा तेच. अम्मा वैतागून म्हणायची, जिभेला दुसरं काही काम दे.

अशात डॉक्टरांची आई धारवाडला आजारी पडली आणि त्यांना दोन आठवडे जावं लागलं. जाताना मला तीनतीनदा सांगून गेले, "धागा तुटला तर तुटू द्या. हात लावू नका. मी आल्यावर बघू." मी हो म्हटलं. आणि चौथ्या दिवशी सकाळी, मागावर बसलो असताना, तोंडात धागा तुटला.

आता हे विणकराशिवाय कुणाला कळायचं नाही. आमच्याकडे पोर सहा-सात वर्षांचं झालं की पहिली शिकवण हीच, तुटलेला धागा दिसला की हातातलं टाकून गाठ मारायची. तो तसाच राहिला की कापडाला खोट येते, आणि खोट आली की बापाचा हात पाठीत बसतो. तुटका धागा तोंडात लोंबतोय आणि मी स्वस्थ बसलोय, हे माझ्या बोटांना सोसेना. एक दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी अम्माचा आरसा खिडकीत ठेवला, आमच्याच बॉबिनचं बारीक सूत घेतलं, कडीत ओवलं आणि विणकराची गाठ मारली. नीट, ताण्याचा धागा बांधावा तशी, ताठ. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

सूत ओलं झालं की आखडतं, हे सोनाराला सोनं माहीत नसेल इतकं मला माहीत होतं. आणि तोंड म्हणजे सदा ओलं. तरी डोक्यात आलं नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या दाताची हिरडी टम्म सुजली, आणि जो दात हलायचा कमी झाला होता तो पुन्हा डुलायला लागला. ताप आला. अम्मा म्हणाली, धागा कापून टाक. माझी कात्री लावायची छाती झाली नाही. मी आधीच एकदा हात लावून बसलो होतो. उरलेले दिवस मी पेजेवर काढले आणि डॉक्टरांच्या बंद दाराशी रोज जाऊन आलो.

ते गाडीतून उतरून सरळ दवाखान्यात आले तर मी पायरीवर बसलेलो. त्यांनी खुर्चीत बसवलं, आरसा घातला. मग विचारलं, "ही गाठ कुणी मारली?"

"मी."

"छान आहे," ते म्हणाले. त्यांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, पण ती गाठ सुटण्यासाठी नसतेच. शेवटी कापली. हात धुतले, स्टुलावर बसले, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला. मी वाट बघत होतो की आता हे माझ्यावर ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चूक माझी. मी तुम्हाला पुरेसं घाबरवलं नाही."

पुढचे वीस दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. समोरच्या दाताची नस मेली का जिवंत आहे, हे बघायला ते रोज संध्याकाळी आमच्या घरी यायचे. आरशाच्या दांड्याने दातावर टिचकी मारायचे, गार पाण्याचा बोळा लावायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. अम्मा चहा ठेवायची, तो गार होऊन जायचा. दात हळूहळू करडा पडला. नस मेली होती. पण मूळ धरून होतं, आणि सूज उतरल्यावर दात पुन्हा घट्ट व्हायला लागला. त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा आमच्या मागाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, ती गाठ मला शिकवा." मी शिकवली. त्यांची बोटं मोठी हुशार, तिसऱ्या खेपेला जमली. त्यानंतर माझ्या तोंडात रेशमाच्या धाग्याला तीच गाठ असायची.

धागा बांधल्यापासून अकरा महिन्यांनी सुळा जागेवर आला. थोडा वाकडा, पण आला. तार काढली आणि डॉक्टर म्हणाले, आता वाजवा. मी वाद्य घेऊनच गेलो होतो, पण ते तोंडाला लावायचा धीर होईना. डॉक्टरांनी दार लोटलं, माझ्या वरच्या ओठावर बाहेरून बोट टेकवलं, म्हणजे दात हलला तर त्यांना कळेल. मी एक लांब सूर काढला. अकरा महिन्यांनंतरचा पहिला. घोगरा होता, पण घसरला नाही. मी थांबलो आणि विचारलं, हलला का? त्यांनी बोट काढून घेतलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं. "माझंच बोट थरथरतंय," म्हणाले. "मला कळत नाही. तुम्हीच सांगा." मी म्हटलं, नाही हलला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पुढच्या सराईत उस्तादांनी मला पुन्हा उभं केलं.

डॉक्टरांचा दवाखाना मात्र चालला नाही. दात दुखणाऱ्या माणसाला शंका नको असते, त्याला कुणीतरी ठासून सांगायला हवं असतं. लोक बाजारातल्या चादरीवर जाऊन बसत. वर्षभराने त्यांनी सामान बांधलं आणि धारवाडला निघाले. स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून माझ्या हातात पोस्टकार्डांची चळत ठेवली. बारा कार्डं, प्रत्येकावर त्यांच्या हाताने धारवाडचा पत्ता लिहिलेला. म्हणाले, "वर्षाला एक टाका. संक्रांतीला टाका म्हणजे लक्षात राहील. दात आहे, एवढंच लिहा. नसला तर नाही म्हणून लिहा. मेलेला दात किती वर्षं टिकेल याची मला..." आणि गाडी हलली.

मी दोन वर्षं कार्ड टाकलं. पुढे लग्न झालं, पोरं झाली, बँड माझ्याकडे आला. दुखत नसलेल्या दाताची कोण आठवण ठेवतो? त्या करड्या दातावर मी सत्तावीस वर्षं लग्नं वाजवली. बावन्नाव्या वर्षी, जेवताना, तो न दुखता निसटून पडला. तेव्हा मला डॉक्टर आठवले. मोठ्या उत्साहाने मी लांबलचक पत्र लिहिलं, की दात काल पडला, सत्तावीस वर्षं टिकला, आणि तुम्ही ओढून आणलेला सुळा अजून घट्ट आहे.

उत्तर त्यांच्या पत्नीचं आलं. डॉक्टर चार वर्षांपूर्वीच गेले होते. बाईंनी लिहिलं होतं, तुमचं नाव आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दर संक्रांतीला ते टपालाची वाट बघायचे. कार्ड येईनासं झालं तेव्हा म्हणाले, दात गेला असणार, भीड वाटते म्हणून लिहीत नाहीत. मी त्या माणसाचं वर्ष उगाच वाया घालवलं, दोन्ही दात आधीच काढून टाकायला हवे होते, असंही म्हणायचे. त्यानंतर मोठ्या माणसाच्या सुळ्याला त्यांनी कधी हात लावला नाही, आलेल्याला दुसरीकडे पाठवून देत.

पत्र मी अम्माला वाचून दाखवलं नाही, बायकोलाही नाही. दात आहे, एवढे दोन शब्द त्यांनी मागितले होते. पत्तासुद्धा लिहून दिला होता. पंचवीस वर्षांत मला त्यासाठी सवड झाली नाही.