न फवारलेले तीन हापूस

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत मी एस.टी.त उभ्याने झोपायला शिकले होते. आमचं घर लांज्याला, कॉलेज रत्नागिरीला. पहाटेची गाडी चुकली की पहिलं प्रॅक्टिकल बुडायचं. संध्याकाळी घरी पोचावं तर आई काजूच्या कारखान्यातून येऊन चुलीपुढे बसलेली असायची. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघत, म्हणून भाकऱ्या मीच थापायची. वडील मुंबईला नोकरीला. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्या वर्षी जे काही पाहिलं ते जड डोळ्यांनी पाहिलं, एवढंच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वनस्पतिशास्त्राच्या जोडीला पर्यावरणाचा पेपर तेव्हा नवा होता. शिकवणारे सर तरुण होते आणि विषय आमच्याबरोबरच शिकत होते. लायब्ररीत त्या विषयाचं एकच पुस्तक, तेही विलायती. त्यातली तळी, त्यातले पक्षी, काहीच आमच्या ओळखीचं नव्हतं. सर एकदा पुस्तक मिटून म्हणाले, "आपल्या आजूबाजूचं काहीतरी घ्या. दोघादोघांनी मिळून प्रोजेक्ट करा."

माझी जोडीदारीण म्हणजे माझी पावस गावची मैत्रीण. तिच्या वडिलांची हापूसची बाग होती. मोहोरावर औषध फवारलं की त्यावर येणाऱ्या माश्या आणि मधमाश्यांचं काय होतं, हे बघायचं आम्ही ठरवलं. सरांना विषय आवडला. पण ते म्हणाले, "तुलना कशाशी करणार? काही झाडं न फवारलेली हवीत. फळ धरेपर्यंत."

मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबांना कोण विचारणार?"

शेवटी दोघींनी मिळून विचारलं. तिचे वडील पडवीत पंपाची नळी दुरुस्त करत बसले होते. उंच, वाळकुडे, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फळ धरेपर्यंत अजिबात नाही?"

"अजिबात नाही, काका," मी म्हटलं.

ते उठले आणि आम्हाला बागेत घेऊन गेले. मला वाटलं, कडेच्या दगडी गडग्याकडची रोडावलेली झाडं दाखवतील. पण ते बागेच्या मधोमध थांबले. "ही तीन घ्या गो. अभ्यासाला द्यायची तर धड द्यावीत."

मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. दरवर्षी चांगली लागणारी झाडं होती ती.

मोहोर आला तसे आमचे शनिवार पावसला जाऊ लागले. कॉलेज सुटलं की भाट्याच्या वाटेने जाणारी गाडी धरायची, तिच्या घरी चार घास खायचे आणि झाडाखाली जुनी पांढरी लुगडी अंथरून बसायचं. आमच्या तीन झाडांवर नुसती गुणगुण असायची. फवारलेल्या झाडांखालच्या लुगड्यावर मात्र मेलेल्या माश्या आणि मधमाश्या पडलेल्या, आणि वर सगळं चिडीचूप. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांसमोर घडताना बघून आम्ही हरखलो होतो.

औषधाचा वास डोक्यात चढायचा. एकदा मैत्रिणीला विहिरीपाशी उलटी झाली. तिचे वडील नळी स्वतःच धरत, नाकाला ओला पंचा बांधून. संध्याकाळी अंघोळ करून जेवायला बसले तरी तो वास त्यांच्या अंगाला असायचा. ते थोडासाच भात खायचे आणि हात धुऊन उठायचे.

मग जानेवारीत मळभ आलं. दोन दिवस ऊन नाही, दमट, कोंदट हवा. पुढच्या शनिवारी बागेत शिरलो तर आमच्या झाडांखाली उभं राहवेना. मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे तोंडावर, मानेवर फटाफट आपटत होते. पानं चिकट होऊन चकाकत होती. त्याच्या पुढच्या शनिवारी मोहोर काळा पडला होता. फांदीला हात लावला की भुगा खाली यायचा.

मैत्रीण धावत पडवीत गेली. "बाबा, मारा औषध. आत्ताच्या आत्ता मारा."

"तुमच्या सरांनी काय सांगितलंय? फळ धरेपर्यंत ना?"

"राहू दे ते प्रोजेक्ट!"

"राहू दे कसं? शब्द दिलाय मी." एवढं बोलून ते माडांना पाणी सोडायला निघून गेले.

सोमवारी आम्ही सरांना गाठलं. आम्ही नेलेली काळी पडलेली डहाळी त्यांनी हातात घेऊन उलटीसुलटी केली. म्हणाले, "मी हे मागायला नको होतं." आणि त्या रविवारी ते स्वतः पावसला आले. मीही गेले होते.

चहा झाला. सर म्हणाले, "तुम्ही आता फवारा. प्रोजेक्टचं मी बघतो."

"आता फवारून काय व्हायचंय, सर? गेलेला मोहोर थोडाच परत येतो." मग मैत्रिणीच्या वडिलांनीच विचारलं, "एक सांगा. तुमच्या शास्त्रात याच्यावर दुसरा काही उपाय आहे? हे औषध मला सोसत नाही. नळी धरली की छाती भरून येते. न फवारता झाडं तगतात का, ते मलाच बघायचं होतं. म्हणून तर चांगली झाडं दिली."

मैत्रिणीने हातातली कपबशी खाली ठेवली. छातीचं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिच्या आईलाही नसावं, कारण ती आतून दारापर्यंत येऊन उभी राहिली.

सर खाली बघत म्हणाले, "नाही. माझ्यापाशी तरी आज उपाय नाही."

"मग असूंदे," तिचे वडील म्हणाले, आणि त्यांनी सरांना शहाळं पाडून दिलं.

परतीच्या गाडीत सर माझ्या पुढच्या बाकावर होते.  मला इतका थकवा आला होता की स्टँडवर लांज्याची गाडी समोर लागलेली असून पायरी चढवेना. महिनोन् महिने आम्ही माश्या मोजत होतो, आणि त्या माणसाला काय होतंय हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले. त्यांनी आमचे तक्ते भराभर चाळले. "निष्कर्ष काय?"

मैत्रीण म्हणाली, "सर, फवारलं की माश्या मरतात. नाही फवारलं तर मोहोर जातो."

"मग शेतकऱ्याने करायचं काय?"

"ते आम्हाला माहीत नाही."

मी भीत भीत पुढे म्हटलं, "आणि फवारणाऱ्यालाही बाधतं, सर. त्याचा तक्ता आम्ही केलेला नाही."

त्यांनी चष्मा काढला, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि बसायला सांगितलं. आम्ही उभ्याच होतो, हे बहुधा त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. पुढे त्यांनी आमच्या तक्त्यांतलं काहीच विचारलं नाही. औषध कुठलं, पंप कसला, माणूस तोंडाला काय बांधतो, हेच विचारत राहिले.

त्या तीन झाडांना त्या वर्षी आंबा जवळजवळ लागलाच नाही. आम्ही दोघी सेकंड क्लासमध्ये पास झालो. पुढच्या हंगामापासून मैत्रिणीने वडिलांच्या हातात नळी दिली नाही. गडी लावले, आणि त्यांनी तोंडाला नीट फडकं बांधलंय की नाही ते बघायला स्वतः उभी राहू लागली. फवारणी मात्र थांबली नाही. तिचे वडील लांब पायरीवर बसून बघत असायचे.

सर मला म्हणाले होते, एम.एस्सी. कर. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "कर की गो. मी आहे." तिच्या बोटांकडे बघत मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. जूनमध्ये लांज्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला जागा निघाली. शाळा घरापासून चालत जाण्यासारखी होती. मी ती नोकरी घेतली.